गोदामांचा बदललेला नकाशा
मोठ्या कंपनीने गोदाम कुठे बांधावे, हे भारतात बरीच वर्षे ग्राहकापेक्षा करच ठरवत असे. परराज्यात थेट विक्री केली की केंद्रीय विक्रीकर लागे. माल आधी स्वतःच्या तिथल्या डेपोत हलवला की हा कर वाचे. म्हणून कंपन्या जवळपास राज्यागणिक लहान गोदामे ठेवत. परिणामी एकीकडे साठा पडून, दुसरीकडे टंचाई. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि हे कारणच संपले. आता थोडी पण मोठी गोदामे परवडतात. मुंबईच्या तेव्हाच्या जकात हद्दीबाहेर वाढलेल्या भिवंडीत उंच शेड, रॅक, फोर्कलिफ्ट आणि जवळच नाशिक महामार्ग. शेवटचा टप्पा मात्र अजून वितरकाच्या छोट्या टेम्पोवरच चालतो; कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला अख्खी पेटी नको, डझनभर पुड्या हव्या असतात.