धंद्याची उमेद कशी घडते?

पदवीनंतर नोकरी धरायची की स्वतःचा धंदा काढायचा, हे विद्यार्थ्याच्या मनात हळूहळू ठरत जाते. उद्योजकतेचे अभ्यासक ते समजून घेण्यासाठी मानसशास्त्रज्ञ आइसेक आयझेन यांच्या १९९१ च्या मांडणीचा आधार घेतात. तिच्यानुसार इरादा पक्का व्हायला तीन गोष्टी लागतात : ते काम मनापासून हवेसे वाटणे, जवळच्या माणसांची साथ आणि ‘हे मला जमेल’ हा भरवसा.

महाराष्ट्रात घरच्यांचे मत फार जड ठरते. बेभरवशाच्या शेतीवर मुलांना शिकवणाऱ्या आईवडिलांना एक तारखेचा पगारच आधाराचा वाटतो. पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांसाठी कितीतरी मुलांची उमेदीची वर्षे जातात, त्यामागे हीच ओढ आहे. धंदा बुडाला तर कर्ज कोण फेडणार, ही आईवडिलांची काळजी खरी असते. किराणा दुकानदाराचे मूल मात्र गल्ला, उधारी आणि घासाघीस पाहतच वाढते. तरी धंद्यातली ओढाताण पाहून काही जण मुद्दाम नोकरीकडे वळतात.

भरवसा मात्र शिकवून वाढवता येतो. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलँड यांनी १९६४ मध्ये आंध्र प्रदेशातील काकिनाडा येथे छोट्या व्यावसायिकांना यशप्रेरणेचे प्रशिक्षण दिले. प्रशिक्षण घेतलेल्यांनी पुढे धंद्यात अधिक हालचाल केली. भारतातील उद्योजकता प्रशिक्षणाला त्या प्रयोगाने मोठी चालना मिळाली. अशाच प्रशिक्षणासाठी महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ मध्ये सुरू झाले.

तरीही व्याख्यानापेक्षा हाताने केलेला व्यवहार खोल रुजतो. महाविद्यालयाच्या आनंदमेळ्यातला वडापावचा स्टॉल घ्या. बटाटे, बेसन, तेल, पाव यांचा हिशेब आदल्या रात्री मांडला जातो. दुपारनंतर गर्दी पांगते, पाव उरतात, आणि भाव उतरवायचा की थांबायचे यावर मुलांची जुंपते. संध्याकाळी नफा वाटून घेताना लक्षात येते की गॅसचे पैसे धरलेच नव्हते. ही चूक दोनचारशे रुपयांत शिकायला मिळणे फार मोलाचे आहे, आणि अभ्यासक्रमात अशा संधी आजही फार थोड्या आहेत.

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने नवकल्पना आणि उद्योगाला वाव देणाऱ्या मंडळाची तरतूद केली. मुलांना तिथे सल्ला, जागा आणि अनुभवी उद्योजकांची ओळख मिळाली तर अडचणी हलक्या होतात. पदवी मिळताच धंदा सुरू करू पाहणारे थोडेच असतात. आधी दुसऱ्याकडे काम करून कसब, ओळखी आणि थोडी शिल्लक जमवायची व मग स्वतःची पाटी लावायची, असा अनेकांचा बेत असतो.