नाटक कशाचें बनतें ?

शाळेच्या पुस्तकांत अधूनमधून नाटकाचा एखादा प्रवेश येतो. मुलें तो इतर धड्यांप्रमाणेंच वाचतात, कठीण शब्दांचे अर्थ लिहून घेतात, आणि गोष्टींत व नाटकांत फरक काय असें विचारलें तर सांगतात कीं, नाटकांत बोलणाऱ्यांचीं नांवें समासांत छापलेलीं असतात. हें उत्तर अगदींच चुकीचें नाहीं. परंतु छापील नाटक हा घराचा नकाशा होय, घर नव्हे. नकाशावरून घर कसें उभें राहतें हें मुलांस समजावयाचें, तर एखादें चांगलें नाटक हातीं घेऊन त्याचीं अंगें एकेक करून पाहावींत. गोविंद बल्लाळ देवल यांचें १८९९ सालीं रंगभूमीवर आलेलें ‘संगीत शारदा’ हें नाटक या कामीं फार उपयोगी पडतें.

पहिलें अंग कथानक. ‘शारदे’ची हकीकत थोडक्यांत अशी : भुजंगनाथ नांवाच्या श्रीमंत म्हाताऱ्यास पुन्हा बोहल्यावर चढण्याची हौस येते. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ खटपट करतो, आणि कांचनभट नांवाचा लोभी बाप पैशासाठीं आपली कोंवळी मुलगी शारदा त्या म्हाताऱ्यास द्यावयास तयार होतो. कोदंड हा तरुण तें लग्न मोडण्यासाठीं झटतो. ऐन वेळीं वर आणि वधूपिता एकाच गोत्राचे असल्याचें उघडकीस येऊन लग्न मोडतें. हताश झालेली शारदा जीव द्यावयास निघते; कोदंड तिला वांचवितो, आणि अखेर त्या दोघांचा विवाह होतो. यांतून कांचनभटाचा लोभ तेवढा काढून टाकला तर काय उरेल ? लग्न ठरणार नाहीं, कोदंडास झगडावें लागणार नाहीं, शारदेवर संकटहि येणार नाहीं. एक दुवा निघाला कीं सांखळी तुटावी, ही चांगल्या कथानकाची परीक्षा. जो प्रसंग वगळूनहि कांहीं बिघडत नाहीं, तो नाटकांत उपराच समजावा.

दुसरें अंग पात्रें. देवलांनीं पात्रांचीं नांवेंहि विचारपूर्वक योजिलेलीं दिसतात. भुजंग म्हणजे साप, कांचन म्हणजे सोनें, आणि कोदंड म्हणजे धनुष्य. परंतु नुसत्या नांवानें पात्र जिवंत होत नाहीं. त्याला कांहीं तरी हवें असावें लागतें. कांचनभटाला पैसा हवा आहे. त्याची पत्नी इंदिराकाकू हिला मुलीचें कल्याण हवें आहे. एकाच घरांतील दोन माणसांच्या इच्छा अशा परस्परविरुद्ध गेल्या कीं संघर्ष उत्पन्न होतो. संघर्ष म्हणजे तलवारींची खणाखण, असा मुलांचा बहुधा समज असतो. ओसरीवर हलक्या आवाजांत चाललेला नवरा-बायकोचा वादहि नाटकाला पुरेसा होतो. मात्र त्याच्या निकालावर कोणाचें तरी सुखदुःख अवलंबून असलें पाहिजे.

तिसरें अंग संवाद. कादंबरीकार पात्राच्या मनांत शिरून तेथें काय चाललें आहे तें सांगूं शकतो. नाटककाराला ती सोय नाहीं. जें सांगावयाचें तें पात्रांच्या बोलण्यांतून व वागण्यांतून प्रेक्षकांस कळलें पाहिजे. वर्गांत एक प्रयोग सहज करतां येतो : समासांतील नांवें कागदानें झांकावीं आणि कोणतें वाक्य कोणाचें तें मुलांस ओळखावयास सांगावें. नांवांवांचून माणूस ओळखूं आला, तर संवाद साधला.

चौथें अंग संगीत. तें प्रत्येक नाटकांत असतेंच असें नाहीं. परंतु मराठी रंगभूमीचा संसार त्याच्यासह सुरू झाला. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ नाटकाचा प्रयोग केला, तेव्हां पदें म्हणण्याचें काम मुख्यतः सूत्रधाराकडे असे. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘शाकुंतला’त पात्रें आपलीं पदें स्वतः गाऊं लागलीं. देवल हे किर्लोस्करांचेच शिष्य. गद्य संवादांत न मावणारें शारदेचें भय व दुःख त्यांनीं तिच्या पदांत ओतलें.

पांचवें अंग अभिनय. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत याचे चार प्रकार सांगितले आहेत. हातवारे व चालणें हा आंगिक, बोलणें हा वाचिक, वेष व रंगभूषा हा आहार्य, आणि मनांतील भाव अश्रु, कंप, रोमांच यांनीं प्रकट होणें हा सात्त्विक. त्या काळच्या नाटक मंडळ्यांत स्त्रीपात्रांचीं कामें पुरुषच करीत. त्यांस हे चारी प्रकार किती साधावे लागत असतील, याची कल्पना बालगंधर्वांच्या कीर्तीवरून येते.

शेवटचें अंग प्रेक्षक. त्यांच्यावांचून तालीम होते, नाटक होत नाहीं. ‘शारदा’ पाहावयास येणाऱ्यांच्या आळींत, कधीं घरींहि, म्हाताऱ्या वराशीं लहान मुलीचें लग्न ही नवलाची गोष्ट नव्हती. भुजंगनाथाला हंसतां हंसतां कित्येकांस आपलेच आप्त आठवले असतील. १९२९ सालीं बालविवाहास आळा घालणारा कायदा झाला. त्यानें विवाहासाठीं मुलीचें वय किमान १४ आणि मुलाचें १८ ठरविलें. तो ‘शारदा कायदा’ या नांवानें ओळखला गेला. हें नांव हरबिलास सारडा या विधिमंडळाच्या सभासदावरून आलें, देवलांच्या नायिकेवरून नव्हे. तथापि मराठी माणसाला तें ऐकून तीच आठवली, तर त्यांत आश्चर्य कसलें? आज मुलीची ही मर्यादा १८ वर्षांची आहे, आणि तरीहि असे विवाह सर्वस्वीं थांबलेले नाहींत.

म्हणून वर्गांत हा विषय शिकवितांना व्याख्या मागाहून द्याव्या. आधीं तीन मुलांस उभें करून एकास कांचनभट, एकास इंदिराकाकू व एकास शारदा करावें, आणि इतरांनीं पुस्तकें मिटून ऐकावें. शारदेच्याच वयाची एखादी मुलगी तिचें बोलणें मोठ्यानें वाचूं लागली, म्हणजे नाटक कशाचें बनतें हें सर्वांस फारसें सांगावें लागणार नाहीं.