सेवासमाप्तीच्या पत्रात न लिहिलेले कारण

सातपूर वा अंबड येथील औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कचेरीतून स्त्री कर्मचाऱ्यास कामावरून कमी केले जाते, तेव्हा तिच्या हाती पडणारे पत्र बहुधा दोन-तीन ओळींचेच असते. सेवेची यापुढे आवश्यकता नाही, काम समाधानकारक आढळले नाही, उमेदवारीचा काळ वाढविण्यात येत नाही, अशा ठरीव वाक्यांपलीकडे त्यात काही नसते. लग्न ठरले म्हणून, दिवस गेले म्हणून किंवा वरिष्ठाविरुद्ध तक्रार केली म्हणून नोकरी गेली, असे लेखी देण्याइतका भाबडा मालक आता सापडावयाचा नाही. एके काळी मात्र ही कारणे राजरोस नियमपुस्तकात छापलेली असत. ती छापलेली होती म्हणूनच न्यायालयांना ती खोडून काढता आली, ही गोष्ट लक्षात घेतल्यावाचून आजच्या अडचणीचे स्वरूप कळणार नाही.

मुंबईतील एका औषधनिर्मिती कंपनीत विवाह होताच स्त्री कामगाराची नोकरी संपुष्टात यावी असा नियम होता. वेष्टन करणे व चिठ्ठ्या लावणे हे काम स्त्रिया गटाने करतात आणि विवाहितांच्या गैरहजेरीने ते खोळंबते, अशी त्याची भलामण करण्यात आली. बॉम्बे लेबर युनियनने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि १९६५ मध्ये तो नियम रद्द झाला. प्रसूतीच्या रजेमुळे जी अडचण होईल ती चार जादा स्त्रिया राखीव ठेवून सहज भागविता येईल, असे न्यायालयाने म्हटले. इतका साधा व्यवहारी हिशेब कंपनीच्या ध्यानात आला नसेल असे मानणे कठीण आहे. तो मांडण्याची तिला गरज भासली नव्हती, एवढेच.

एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचा दावा अधिक गाजला. वयाची ३५ वर्षे पूर्ण होताच, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास, अथवा पहिले गर्भारपण येताच निवृत्ती, असा तेथील नियम होता. पुरुष कर्मचारी मात्र ५८ वर्षांपर्यंत कामावर राहू शकत. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भारपणाची अट कडक शब्दांत फेटाळली. परंतु चार वर्षांच्या विवाहबंदीत त्यास काही वावगे दिसले नाही. स्त्री-पुरुषांच्या पदांची श्रेणीच वेगळी असल्याने हा भेदभाव केवळ लिंगाच्या आधारावर झालेला नाही, असेही त्याने ठरविले. राज्यघटनेतील ‘केवळ’ हा एक शब्द असा त्या स्त्रियांच्या आड आला. पदाला निराळे नाव द्यावे, त्यावर फक्त स्त्रियाच नेमाव्यात आणि मग निराळी वागणूक पदामुळे आहे असे म्हणावे, ही युक्ती अनेकांस सोयीची वाटली असल्यास नवल नाही.

याच युक्तीची कसोटी मॅकिनन मॅकेन्झी आणि कंपनी विरुद्ध ऑड्रे डिकोस्टा या मुंबईच्या खटल्यात लागली. श्रीमती डिकोस्टा या कंपनीत ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ होत्या. १३ जून १९७७ रोजी त्यांची सेवा समाप्त करण्यात आली. त्यानंतर त्यांनी समान वेतन कायद्याखाली अर्ज केला. हा कायदा आंतरराष्ट्रीय महिला वर्षाच्या निमित्ताने सप्टेंबर १९७५ मध्ये वटहुकुमाच्या रूपाने आला होता. पुरुष लघुलेखकांपेक्षा आपल्याला कमी पगार दिला गेला, एवढेच त्यांचे म्हणणे होते. नोकरी परत मिळावी अशी मागणी त्यात नव्हती, फरकाच्या रकमेची होती. स्त्री व पुरुष लघुलेखक सारखेच काम करतात हे पहिल्या अधिकाऱ्यास मान्य होते. तरीही लिंगभेद झालेला नाही असे म्हणून त्याने अर्ज फेटाळला. १९८२ मध्ये अपिलात निर्णय फिरला व ७,१९६ रुपये ६७ पैसे देण्याचा हुकूम झाला. कंपनी उच्च न्यायालयात गेली, तेथे हरली, आणि मार्च १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हरली.

या निकालातील दोन गोष्टींकडे अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने अवश्य पाहावे. पगारातील ही तफावत केवळ मालकाच्या लहरीतून आलेली नव्हती. कामगार संघटनेशी झालेल्या करारानुसार नव्या वेतनश्रेणीत बसवताना ती निर्माण झाली होती. म्हणजे ज्या कागदाने स्त्रियांचा पगार खाली ठेवला त्यावर संघटनेचीही सही होती. दुसरे, समान वेतन देण्याची आपली ऐपत नाही हे कंपनीचे म्हणणे न्यायालयाने ऐकून घेतले नाही. मालकाच्या आर्थिक स्थितीप्रमाणे कायदा लवचीक होत नाही, हे तत्त्व तेव्हापासून रूढ झाले.

परंतु या प्रकरणातील सर्वांत बोलकी गोष्ट निकालपत्राच्या तर्कात शोधावी लागत नाही, ती तारखांत आहे. तक्रार झाली ती नोकरी गेल्यावर. सेवेत असलेल्या स्त्रीने आपल्या पगाराविषयी तक्रार करावयाची म्हणजे महिना काही रुपयांच्या आशेवर सगळा पगार पणाला लावावयाचा. घरभाडे, मुलांच्या फिया, सोसायटीचे हप्ते ज्या पगारातून जातात तो पणाला लावण्यास माणूस सहसा तयार होत नाही, आणि त्याला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. नोकरी गेली की गमावण्यासारखे काही उरत नाही, मग तोंड उघडते. मात्र तेव्हा कागदपत्रे मालकाच्या कपाटात असतात, साक्षीदार त्याच्याच पगारावर असतात, आणि ‘आता काढून टाकले म्हणून आरोप सुचले’ हा टोमणाही ऐकावा लागतो.

तक्रार केल्याबद्दल सूड उगवला जाऊ नये याची जाणीव आपल्याकडील कायद्यास अगदीच नव्हती असे नाही. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांविषयीच्या कायद्याने सूडबुद्धीने, खोट्या कारणावरून वा वरकरणी अधिकार वापरून कामावरून काढणे निषिद्ध ठरविले. औद्योगिक विवादात मालकाविरुद्ध तक्रार वा साक्ष दिल्याबद्दल काढण्यासही त्याने मनाई केली. पण सूड होता हे दाखविण्याचा भार तक्रारदारावर आणि मुदत नव्वद दिवसांची. शिवाय हे सारे ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी. गोव्यातील एका शाळेतून १९७५ मध्ये कमी केलेल्या शिक्षिकेने औद्योगिक विवाद कायद्याचा आधार घेतला, तेव्हा शिक्षक हा कामगार नव्हे असे १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. (आपल्या राज्यात खासगी शाळांतील शिक्षकांसाठी १९७७ च्या कायद्याने निराळे न्यायाधिकरण आहे, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.)

लैंगिक छळाच्या बाबतीत १९९७ च्या विशाखा निकालाने तक्रारदार व साक्षीदार यांस त्रास होऊ नये अशी सूचना दिली होती. त्यावर आधारलेल्या २०१३ च्या कायद्यात नोकरीविषयीची धमकी छळाच्या कल्पनेत धरली आहे. चौकशी चालू असता बदली वा तीन महिन्यांपर्यंत रजा मिळण्याची सोयही आहे. द्वेषाने केलेल्या खोट्या तक्रारीबद्दल शिक्षेचे खास कलम त्यात आवर्जून घातलेले आहे. खऱ्या तक्रारीबद्दल नोकरी घेणाऱ्यास शिक्षा देणारे तसे स्वतंत्र कलम मात्र नाही. कायदा कोणाच्या भीतीची काळजी घेतो हे यावरून समजते.

न्यायालयांनी मनावर घेतले तर न लिहिलेले कारणही वाचता येते. पंजाब अँड सिंध बँकेच्या इंदूर शाखेतील एका मुख्य व्यवस्थापक महिलेने मद्यविक्रेत्यांच्या खात्यांतील गैरव्यवहार वर कळविले, वरिष्ठाकडून होणाऱ्या छळाचीही तक्रार केली. आणि तिची बदली जबलपूर जिल्ह्यातील सरसवा शाखेत झाली. तेथील पद तिच्या दर्ज्याहून पुष्कळ खालच्या अधिकाऱ्यासाठी होते. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या बदलीत सूड पाहिला, तिला परत इंदूरला नेमण्याचा आदेश दिला आणि बँकेवर ५०,००० रुपये खर्च बसविला. येथे बदलीची तारीख व पदाचा दर्जा हाच पुरावा ठरला. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सूड हा स्वतंत्रच अपराध मानला आहे. मूळ भेदभाव सिद्ध झाला नाही तरी, प्रामाणिक व वाजवी समजुतीने केलेल्या तक्रारीबद्दल त्रास दिला असेल तर मालक दोषी ठरतो. तक्रार आणि बडतर्फी यांत थोडेच अंतर असेल तर कारण सूडाचे नव्हते हे मालकाने दाखवावे, एवढा बदल आपल्याकडे होण्यास फार मोठी क्रांती लागणार नाही.

या प्रश्नाची आणखी एक बाजू निव्वळ पैशाची आहे. पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूतीची रजा २०१७ पासून २६ आठवड्यांची झाली. कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्या स्त्रीचा या काळातील पगार निधीतून जातो. त्या निधीत मालक स्त्री-पुरुष सर्वांच्या पगारावर सारखीच वर्गणी भरतो, म्हणून गर्भवती स्त्रीस काढून त्याचा काही फायदा होत नाही. योजनेच्या वेतनमर्यादेवरील लेखनिका, अभियंता वा पर्यवेक्षिका यांचा खर्च मात्र एकट्या मालकाच्या खिशातून येतो. समाजाने उचलावयाचे ओझे अशा रीतीने एकट्यावर टाकले की तो ते टाळण्याची वाट शोधतो. येथे नीतीच्या उपदेशापेक्षा निधीची व्याप्ती वाढविणे अधिक उपयोगी पडेल.

सिन्नरकडील विडी कामगार स्त्रियांना तर पत्रच मिळत नाही. घरी नेऊन वळावयाची पाने व तंबाखू एके दिवशी मिळेनाशी झाली की नोकरी संपली. कंत्राटदाराकडून आलेल्या स्त्रीचे नाव पुढल्या महिन्याच्या हजेरीपटावर नसते, तोही प्रकार निराळा नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता अमलात आल्या असून समान वेतनाचा आणि प्रसूतिलाभाचा जुना कायदा त्यांत विलीन झाला आहे. वेतनात व भरतीत भेदभाव नको हे संहितेत आहेच. न दिलेल्या पत्राचे कारण कोणी सिद्ध करावयाचे, याचे उत्तर तेथे सापडत नाही.

आणि कारण छापलेले असले तरी वेळ किती लागतो हे पाहण्याजोगे आहे. सेलिना जॉन या लष्करी परिचारिका अधिकाऱ्यास विवाह केला म्हणून १९८८ मध्ये सेवामुक्त केले गेले. तो नियम १९९५ मध्ये मागे घेतला गेला. साठ लाख रुपये भरपाई देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश झाला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये. तिच्या हाती निदान नियमाचा कागद तरी होता.