व्यवस्थापनाची पदवी : कोणता कल्प कोणासाठी?

चिकित्सालय अथवा औषधनिर्मितीशाळा चालविणाऱ्यास वैद्यकाबरोबरच हिशेब, साठा, मनुष्यबळ व विक्री यांचेही ज्ञान असावे लागते. बी.ए.एम.एस. ही पदवी असल्याने एम.बी.ए.चा मार्ग वैद्यांना खुला आहे. प्रश्न उरतो तो शिक्षणपद्धतीचा.

एकाच द्रव्याचे स्वरस, कल्क, क्वाथ, हिम व फांट होतात. त्यांत स्वरस सर्वांत गुरू, फांट सर्वांत लघू. निवड व्याधिबल व रुग्णबल पाहून करावयाची असते. येथेही तोच न्याय लागू करावा, असे आम्हांस वाटते.

पूर्णवेळ अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून महाराष्ट्रात त्यासाठी सामायिक प्रवेश परीक्षा असते. सावनेर तालुक्यातील खापा येथे एकट्याने चिकित्सालय सांभाळणाऱ्या वैद्याने रोज नागपूरला जाणे म्हणजे चिकित्सालय बंद ठेवणेच होय. दोन वर्षांत तुटलेला रुग्णवर्ग पुन्हा जोडणे सोपे नसते. हा कल्प फार्मसीची धुरा अद्याप न स्वीकारलेल्या पुढच्या पिढीस योग्य.

अनुभवी व्यावसायिकांसाठीच्या एक्झिक्युटिव्ह अभ्यासक्रमाचे वर्ग बहुधा शनिवार-रविवारी असतात. शुल्क जड असते. परंतु सहाध्यायी अनुभवी भेटतात. नागपुरात २०१५ पासून भारतीय व्यवस्थापन संस्था आहे. तथापि कोणत्याही संस्थेचे वर्ग प्रत्यक्ष कोणत्या शहरात भरतात, हे आधी विचारावे. सहायक वैद्य असणाऱ्यांना हा मार्ग पेलवेल.

दूरस्थ शिक्षण इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८५) व नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) देतात. पहिल्याचे एम.बी.ए. किमान दोन व कमाल चार वर्षांत पूर्ण करता येते. पावसाळ्यात रुग्णांची गर्दी वाढली, तर काही विषय पुढील सत्रात घेता येतात. मात्र येथे शिस्त स्वतःचीच हवी. एकट्या वैद्यास आम्ही हाच कल्प सुचवू.

दूरस्थ पदवी कमी प्रतीची, हा समज सोडावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीनुसार मान्यताप्राप्त दूरस्थ व ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे. म्हणूनच शुल्क भरण्यापूर्वी त्या सत्रासाठी त्या अभ्यासक्रमास मान्यता आहे का, हे आयोगाच्या यादीत स्वतः पाहावे. प्रतिनिधीच्या शब्दावर विसंबू नये. तसेच नामांकित संस्थेचे काही महिन्यांचे प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे. अर्थात ज्यांना केवळ हिशेब व साठानोंद सुधारावयाची आहे, त्यांना तेवढे प्रमाणपत्रही पुरेसे होते. लघु व्याधीस गुरू कल्प कशास?

शेवटी एक स्मरण. ही पदवी कोणताही परवाना देत नाही. विक्रीसाठी औषधनिर्मिती करण्यास १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील परवाना लागतोच. पदवीचा उपयोग त्यानंतरचा : तयार झालेले औषध वेळेवर, योग्य किमतीत व नोंदीसह रुग्णापर्यंत पोहोचविण्याचा. ती मिळविताना रुग्णच दुरावणार नाही, अशी पद्धत निवडावी.