कोंबडीचे रक्त काय सांगते?

बाजारात कोंबडी घेताना आपण तिचा तुरा पाहतो. तुरा लाल, टवटवीत असला की म्हणतो, ही अंड्यावर आहे. जाणत्या बाया शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये बोटे लावून पाहतात. ही पारख खरीच आहे. पण रक्त तीच गोष्ट अधिक नेमकी सांगते.

पंखाखालच्या शिरेतून थोडे रक्त काढतात. ते गोठू न देता काचेच्या नळीत ठेवले, की तांबडा भाग खाली बसतो आणि वर पाणी राहते. कोंबड्याचे हे पाणी नितळ असते. अंडी देणाऱ्या कोंबडीचे दुधाळ, गढूळ दिसते. असे का? अंड्यातल्या बलकाचा माल यकृतात बनतो आणि रक्तातून अंडाशयाकडे जातो. आपल्याला दिसतो तो वाटेवरचा माल!

याच पाण्यात कॅल्शियम, म्हणजे चुन्यातले सत्त्व, मोजतात. कोंबड्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास असते. अंड्यावरच्या कोंबडीत २० ते ३०. ती खुडूक झाली, की पुन्हा खाली येते. कबुतरांच्या रक्तातली अशीच चढउतार अमेरिकेत ऑस्कर रिडल व त्यांच्या सोबत्याने १९२६ साली मांडली.

हा सारा हुकूम अंडाशयातून सुटणाऱ्या ईस्ट्रोजेन नावाच्या रसाचा. आम्हाला नवल वाटते ते पुढचे. हा रस कोंबड्याला टोचला, तर त्याचेही रक्त दुधाळ होते, कॅल्शियम वाढते. अंडे मात्र तो घालणार कुठून?

लहान पिलाचे अंडाशय अजून जागे झालेले नसते. म्हणून पिलू नर की मादी, हे या परीक्षेने कळत नाही. त्यासाठी रक्ताच्या थेंबातली गुणसूत्रे तपासतात. मादीत डब्ल्यू नावाचे गुणसूत्र असते, नरात नसते. पण एकेका पिलापायी हा खटाटोप कोण करील?

आता आपल्या कामाचे. एका कवचाला सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम लागते. अंगातल्या साऱ्या रक्तातले कॅल्शियम त्याच्या पासंगालाही पुरत नाही. ते खाण्यातून सतत यावे लागते. नाही आले, तर कोंबडी आपल्या हाडांतून काढते. मग कवच पातळ होते, अंडी मऊ पडतात, पाय लुळे पडतात. कडक उन्हाने किंवा रोगानेही अंडी मऊ पडतात, हे खरे. तरी लगेच तिला बाजार दाखवू नका. आधी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. संध्याकाळी ती त्यावर कशी तुटून पडते, ते पाहा. कवच बहुतेक रात्रीच घडते.