समुद्राने रोळलेले सोने

मराठीत झारेकरी नावाचा एक जुना शब्द आहे. सराफ कट्ट्यावरचा केर, सोनाराच्या शेगडीतली राख, गटारातला गाळ गोळा करायचा आणि पाण्यात धुऊन त्यातले सोन्याचे कण वेगळे काढायचे, हा झारेकऱ्याचा धंदा. दुसरा शब्द स्वयंपाकघरातला: रोळणे. तांदूळ रोळीत घालून पाण्यात हेलकावला की तांदूळ वर उचलला जातो आणि खडे तळाशी बसतात. नदीत आणि समुद्रकिनाऱ्यावर सापडणाऱ्या सोन्याविषयी मी पुष्कळ वाचले, काही वर्षे ते वर्गात शिकवलेही. पण त्या शास्त्राचा गाभा या दोन शब्दांत आधीच आहे असे मला वाटत आले आहे. नदी आणि समुद्र हे झारेकरी आहेत. सोने त्यांचे नसते. डोंगराच्या दुकानातून सांडलेले ते फक्त रोळून देतात.

हे रोळणे घडते कसे, ते आधी पाहू. गारगोटीची घनता पाण्याच्या 2.65 पट, शुद्ध सोन्याची 19.3 पट. निसर्गातल्या सोन्यात थोडी चांदी मिसळलेली असते, म्हणून ते काहीसे हलके भरते. वस्तू पाण्यात बुडाली की तिने बाजूला सारलेल्या पाण्याइतके तिचे वजन कमी होते. म्हणजे पाण्याखाली गारगोटीचा भार उरतो 1.65 आणि सोन्याचा 18.3, अकरापट फरक. कोरड्या जमिनीवर जो फरक सातपट असतो, तो पाण्यात अकरापट होतो, म्हणून हा उद्योग पाण्यात चालतो. ज्वारीच्या दाण्याएवढा सोन्याचा कण आणि लिंबाएवढा गारगोटीचा गोटा पाण्यात साधारण एकाच वेगाने तळाला जातात. कण पिठासारखे बारीक झाले की मात्र पाण्याचा चिकटपणा आडवा येतो आणि हे अकरापट प्रमाण तीन-सव्वातीन पटीवर उतरते. शिवाय सोने मऊ. दगडांत चेपून त्याच्या पातळ पापड्या होतात, आणि पापडी पाण्यात पानासारखी हेलकावत जाते. सोन्याचा प्रवास समजायला ही एवढी भौतिकी पुरे आहे.

एरवीच्या दिवसांत नदी सोन्याला हात लावू शकत नाही. पूर आला की तळाचा गोटे-वाळूचा सगळा थर हलतो, आणि हलत्या थरात जड कण फटीफटींतून खाली सरकत कातळापर्यंत पोचतो. पूर ओसरला की तो तिथेच अडकतो. पुढच्या मोठ्या पुरापर्यंत, कधी हजारो वर्षे. कातळातल्या आडव्या भेगा, मोठ्या धोंड्याची प्रवाहापासून आडोशाची, खालच्या अंगाची बाजू, वळणाच्या आतल्या अंगाचा वाळूचा पट्टा, काठच्या झाडांची मुळे: पाण्याचा वेग जिथे एकाएकी मोडतो तिथे सोने उतरते. जाणता शोधक पाण्याकडे पाहतच नाही; गेल्या महापुरात पाणी कुठे मंदावले असेल ते पाहतो. पाटीत सापडलेला कण तो भिंगाखाली धरतो. कोपरे शाबूत असतील, गारगोटीचा तुकडा अजून चिकटलेला असेल, तर मूळ शीर जवळ आहे. कण गुळगुळीत आणि चपटा असेल तर अजून बरेच वर जायला हवे. वर जाता जाता कण मोठे होत जातात आणि एका ओहोळापाशी अचानक बंद होतात. शीर त्याच्या खालच्याच उतारावर कुठेतरी असते.

म्हणून मुखापर्यंत पोचते ते बहुधा पीठ. ते इतके बारीक असते की हाताचे तेल पाण्याला लागले तर कण पृष्ठभागावर तरंगून पाटीबाहेर निघून जातात. त्यावर साबणाच्या पाण्याचा एक थेंब, एवढाच उपाय. समुद्रात हे पीठ विखरून नाहीसे व्हायला हवे. तसे होत नाही, याचे कारण लाट. किनाऱ्यावर चढणारी लाट जोरकस असते, ती सगळे वर आणते. परतणारे पाणी काही अंशी वाळूत मुरलेले, पातळ आणि दुबळे असते. ते हलकी वाळू ओढून नेते, जड कण वर राहतात. दिवसाकाठी हजारो वेळा हे होते. वादळात लाटा किनारा खरवडून काढतात, तेव्हा जड खनिजांचा काळा पट्टा उघडा पडतो, आणि शांत ऋतूत त्यावर पुन्हा पांढुरकी वाळू चढते. वादळानंतरच्या ओहोटीला किनारा गाठायचा, हा शोधकांचा जगभरचा नियम आहे.

कोकणातल्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. रत्नागिरीजवळ मिऱ्या, काळबादेवी इथे काळी वाळू आहे आणि पावसाळ्यानंतर ती जास्त उठून दिसते. तिच्यातले चमकणारे कण कागदाच्या पुडीत बांधून माझ्याकडे आणणारे लोक अनेक होते. मी त्यांना पुडी सावलीत नेऊन पाहायला सांगत असे. अभ्रक उन्हात चमकते आणि सावलीत विझते. सोने सावलीतही पिवळेच असते. टाचणीने दाबले की सोने चेपते, सोनमाखीचा चुरा होतो. निकाल नेहमी एकच लागे. कोकणची काळी वाळू म्हणजे मुख्यतः इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट, सह्याद्रीच्या बेसाल्टमधून आलेली. लाट तिथे आपले काम चोख करते, पण डोंगराच्या दुकानात सोने नाही. बेसाल्टमध्ये सोने असते ते अब्जात काही भाग. गारगोटीच्या सुवर्णशिरांत जसे ते एकवटते तसे इथे एकवटलेले नाही. त्याच अरबी समुद्राला दक्षिणेत बेपूरजवळ मिळणारी चालियार नदी मात्र वायनाड-निलगिरीच्या प्राचीन खडकांतून येते. त्या खडकांत सुवर्णशिरा आहेत, आणि निलंबूरच्या परिसरात नदीची वाळू धुऊन सोने काढण्याची परंपरा जुनी आहे. 1880 च्या सुमारास वायनाडच्या या शिरांवर लंडनमध्ये कंपन्यांचे पेव फुटले आणि थोड्याच वर्षांत बहुतेक बुडाल्या. समुद्र एकच, पावसाळा एकच. फरक डोंगरांचा.

डोंगरात सोने, मध्ये हिमनद्या आणि ओढे, आणि समोर उघडा समुद्र, असे सगळे जुळून आले अलास्कातल्या नोमला. सप्टेंबर 1898 मध्ये याफेट लिंडेबर्ग, एरिक लिंडब्लोम आणि जॉन ब्रिंटेसन या तिघांना किनाऱ्यापासून काही मैल आत अॅन्व्हिल ओढ्यात सोने सापडले. (इतिहासात ते ‘तीन भाग्यवान स्वीडिश’ म्हणून राहिले, त्यांतला लिंडेबर्ग नॉर्वेचा होता.) पहिल्या काही जणांनी स्वतःच्या आणि मुखत्यारपत्रांच्या जोरावर दुसऱ्यांच्याही नावांनी ओढेच्या ओढे आखून घेतले. 1899 च्या उन्हाळ्यात क्लोंडाइकहून निराश होऊन आलेल्यांना खुंटी ठोकायलाही जागा उरली नव्हती. जुलैत त्यांनी सभा बोलावली. आधीचे सगळे हक्क रद्द ठरवायचे आणि सगळ्यांनी नव्याने आखणी करायची, असा बेत होता. सैन्याच्या तुकडीने सभा उधळली. प्रकरण बंदुकांपर्यंत जाणार अशी चिन्हे होती.

त्याच सुमारास कुणीतरी तंबूसमोरची समुद्राची वाळू धुऊन पाहिली.

भरती-ओहोटीच्या पट्ट्यावर कुणाचा खाजगी हक्क चालत नव्हता. तिथे रिवाज पडला तो असा: माणसाने उभे राहावे आणि त्याचे फावडे पोचेल तेवढी जागा, तो खणतो आहे तोवर, त्याची. मागच्या जमिनीच्या हक्कदारांनी किनाराही आपलाच म्हणून पाहिले. सैनिकांनी शेकडो खणणाऱ्यांना पकडलेही, पण खटला चालवायला जवळपास दिवाणी न्यायाधीश नव्हता, त्यामुळे सगळे सुटून पुन्हा वाळूत उतरले. साधन म्हणजे रॉकर, पाळण्यासारखी हलणारी लाकडी पेटी, आणि बारीक पीठ धरायला पारा. वाळूखाली चिकणमातीचा थर लागे. त्यावर गार्नेटच्या कणांनी लालसर झालेली जड वाळू आणि तिच्यात सोने. त्या एका मोसमात किनाऱ्याने दहा लाख डॉलरहून अधिक सोने दिले, तेही सोन्याचा भाव औंसाला 20.67 डॉलर असताना, आणि हे बहुतेक अशा हातांना ज्यांच्याजवळ भांडवल नव्हते. सोन्याच्या इतिहासात इतकी समान वाटणी मला फारशी दिसलेली नाही.

बातमी दक्षिणेला पोचली ती मात्र वेगळ्या रूपात: नोमला समुद्र सोने ओकतो, लाट आली की नवे येते. 1900 च्या वसंतात सिअॅटल आणि सॅन फ्रान्सिस्कोहून जहाजे भरभरून सुमारे वीस हजार माणसे निघाली. त्या वर्षीच्या शिरगणतीत नोमची वस्ती 12,488 भरली. अनेकांनी समुद्रतळ उपसायची अजस्र यंत्रे सोबत आणली होती; ती वाळूवर गंजत पडली. किनारा आदल्याच वर्षी बराचसा धुऊन संपला होता. समुद्र नवे सोने आणत नव्हता. हिमनद्यांनी डोंगरातून आणून टाकलेला गाळ किनाऱ्याच्या कड्यात होता, तो खात खात लाटांनी हजारो वर्षांत जे साठवले होते ते माणसांनी एका उन्हाळ्यात उचलले. सप्टेंबरच्या वादळाने उरलेले तंबूही नेले.

‘लाट नवे सोने आणते’ असे मानणारे कफल्लक झाले. लाट फक्त रोळते हे ओळखणाऱ्यांनी वेगळा प्रश्न विचारला: समुद्राची पातळी पूर्वी वेगळी असेल, तर तेव्हाचा किनारा कुठे आहे? अमेरिकन भूशास्त्रीय सर्वेक्षणाचे श्रेडर आणि ब्रूक्स 1899 च्या शरदात नोमला येऊन गेले होते. टुंड्राखाली जुने किनारे पुरलेले असू शकतील असे त्यांनी सुचवले. गोठलेल्या जमिनीत वाफेने वितळवत विहिरी खणणाऱ्यांना पुढच्या काही वर्षांत ते सापडले. त्यांतला ‘तिसरा किनारा’ सर्वांत श्रीमंत निघाला. तो समुद्रापासून काही मैल आत, 70 ते 80 फूट उंचीवर आहे. लाल वाळू, गोटे, शिंपले, सगळे जागच्या जागी. फक्त समुद्र निघून गेलेला. पण त्यासाठी विहिरी, बॉयलर, कोळसा लागे, म्हणून ते सोने फावडेवाल्यांचे राहिले नाही. समुद्र कधी आजच्यापेक्षा खालीही होता, त्यामुळे काही किनारे पाण्यात बुडालेले आहेत. 1986 ते 1990 या काळात इंडोनेशियात कथिल उपसण्यासाठी वापरलेले ‘बिमा’ नावाचे अवाढव्य जहाज नोमसमोर तो तळ उपसत होते. आजही उन्हाळ्यात लहान बोटींतले पाणबुडे नळीने तिथली वाळू ओढतात, आणि किनाऱ्यावर कुणीतरी जुनी पेटी हलवत बसलेला असतो.