मॉन्ट्रियलचे वार्तापत्र : झाक प्लांत, उघड्या चेहऱ्यांच्या खेळातला गोलरक्षक

झाक प्लांतचा जन्म 17 जानेवारी 1929 रोजी कॅनडाच्या क्युबेक प्रांतात, नोत्र-दाम-द्यु-माँ-कार्मेल गावाजवळच्या शेतावर झाला. अकरा भावंडांतला तो थोरला. वडिलांना कारखान्यात काम मिळाल्यावर कुटुंब जवळच्या शाविनिगनला आले. नदीच्या धबधब्यावर वीज, विजेवर ॲल्युमिनियम आणि कागदाचे कारखाने, त्यांच्याभोवती कामगारांची वस्ती, असे हे गाव. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीसारखे तेही कारखान्यानेच वसवलेले. मात्र येथे कामगार बहुतेक फ्रेंच बोलणारे कॅथलिक, तर मालक आणि वरचे अधिकारी इंग्रजी बोलणारे. ही दुफळी लक्षात घेतल्याशिवाय क्युबेकचे हॉकीवेड कळत नाही. मॉन्ट्रियलचा कॅनेडियन्स हा संघ फ्रेंच माणसाला आपल्या हक्काचा वाटे. इतर बऱ्याच ठिकाणी त्याला दुय्यम जागा होती.

हा खेळ बर्फावर, स्केट्स घालून खेळतात. एका बाजूचे सहा जण मैदानात, त्यांतला एक गोलरक्षक. त्याच्यामागे सहा फूट रुंद, चार फूट उंच जाळे. चेंडूऐवजी सुमारे 170 ग्रॅम वजनाची कडक रबरी चकती असते; तिला पक म्हणतात. ती गोठवूनच वापरतात, म्हणजे उसळी कमी घेते. लागते मात्र दगडासारखी.

प्लांत गोलात उभा राहिला तो दम्यामुळे. सतत स्केटिंग केले की त्याला धाप लागे. पायांचे पहिले पॅड वडिलांनी बटाट्याच्या पोत्यांत लाकडी फळ्या घालून करून दिले. विकतच्या टोप्या परवडत नव्हत्या, म्हणून आईने लोकरीचे विणकाम शिकवले. ते त्याने मोठेपणीही सोडले नाही. कारखान्याच्या संघात खेळताना, बाकीचे कामगार असून आपण नाही, हे ध्यानात येताच त्याने पैसे मागितले. सामन्याला 50 सेंट ठरले, पण इतरांना सांगायचे नाही या अटीवर.

1947 मध्ये तो क्युबेक शहराच्या सिटाडेल्स संघात गेला. तेथली बचावफळी इतकी कच्ची होती, की जाळ्यासमोर थांबण्यात अर्थ नव्हता. तो पुढे येऊन, कधी जाळ्यामागे जाऊन स्वतःच पक अडवू लागला आणि साथीदारांना देऊ लागला. जाणत्यांना हा आगाऊपणा वाटला. आज प्रत्येक गोलरक्षक हेच करतो. पुढे मॉन्ट्रियल रॉयल्सकडून तो स्वतः विणलेली टोपी घालून खेळे. कॅनेडियन्सचे प्रशिक्षक डिक अर्विन यांनी तिला मनाई केली.

सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले, त्याच 1952 साली प्लांत कॅनेडियन्सकडून नॅशनल हॉकी लीगमध्ये उतरला. खाशाबांना प्रवासखर्चासाठी वर्गणी गोळा करावी लागली होती. प्लांत पगारी खेळाडू होता. पण पगारालाही जाच होता. लीगमध्ये संघ अवघे सहा, प्रत्येकाचा नेहमीचा गोलरक्षक एकच. अशा सहा नोकऱ्यांसाठी शेकडो टपलेले असताना भीती दाखवणे कोणाला परवडणार? त्यामुळे सगळे उघड्या तोंडाने पकसमोर उभे राहत आणि टाके मिरवीत. क्लिंट बेनेडिक्टने 1930 मध्ये चामड्याचा मुखवटा थोडे दिवस वापरून पाहिला होता. पुढे कोणी त्या वाटेला गेले नाही.

प्लांत सरावात मुखवटा घाली, सामन्यात नाही. प्रशिक्षक टो ब्लेक यांना वाटे, त्याने नजर अडते आणि धीर कमी असल्याचे दिसते. 1 नोव्हेंबर 1959 रोजी न्यूयॉर्कमध्ये अँडी बाथगेटचा फटका प्लांतच्या तोंडावर बसला. टाके घालून झाल्यावर त्याने मुखवट्याशिवाय परतायला नकार दिला. बदली गोलरक्षक नव्हता, तेव्हा ब्लेक यांचे काही चालले नाही. हा मुखवटा फायबरग्लासचा होता, बिल बर्चमोर यांनी केलेला. कॅनेडियन्सने तो सामना 3-1 असा जिंकला, आणि पुढे बरेच सामने ते हरलेच नाहीत. 8 मार्च 1960 ला ब्लेक यांच्या आग्रहाने तो मुखवट्याशिवाय खेळला, संघ हरला आणि वाद मिटला. धीर कमी असल्याचा आक्षेप निकालांपुढे टिकला नाही.

1956 ते 1960 अशी सलग पाच वर्षे स्टॅन्ली चषक मॉन्ट्रियलकडे राहिला. 1953 धरून प्लांतच्या वाट्याला सहा आले. सर्वोत्तम गोलरक्षणाचा व्हेझिना करंडक त्याला सात वेळा, तर मोसमातल्या सर्वांत मौल्यवान खेळाडूचा हार्ट करंडक 1962 मध्ये मिळाला. तरीही 1963 मध्ये क्लबने त्याची न्यूयॉर्क रेंजर्सशी अदलाबदल केली. 1965 मध्ये तो निवृत्त झाला, 1968 मध्ये सेंट लुईससाठी परतला, आणि एडमंटनकडून 1975 पर्यंत खेळून थांबला. 1978 मध्ये त्याला हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. अखेरची वर्षे स्वित्झर्लंडमध्ये काढून 27 फेब्रुवारी 1986 रोजी तो जिनिव्हात वारला.